चेंडूवांचून चौघे

बास्केटबॉलचा सामना आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणें चाळीस मिनिटांचा असतो. त्यांतील निम्मा वेळ चेंडू प्रतिपक्षाकडे जातो असें धरलें, तर एका संघाच्या वांट्यास वीस मिनिटें येतात. आणि संघांतील पांच गड्यांत त्या वीस मिनिटांची अगदीं काटेकोर वांटणी केली, तरी एकेका गड्याच्या हातीं चेंडू अवघीं चार मिनिटें राहतो. बाकीच्या छत्तीस मिनिटांपैकीं वीस मिनिटें तो बचाव करण्यांत गुंतलेला असतो, हें उघड आहे. पण आपल्याच संघाची चढाई चालू आहे आणि आपल्या हातीं मात्र चेंडू नाहीं, अशीं जीं सोळा मिनिटें उरतात, त्यांत या गड्यानें करावें तरी काय? प्रश्न दिसावयास बालिश आहे. तथापि गेल्या सव्वाशेंहून अधिक वर्षांत या खेळाविषयीं जेवढा म्हणून गंभीर विचार झाला, तो बहुतेक या एका प्रश्नाभोंवतीं झाला, असें आम्हांस वाटतें.

हा प्रश्न केवळ मैदानापुरता असता, तर त्यासाठीं वाचकांचा वेळ घेण्याचें धाडस आम्ही केलें नसतें. जेथें पुष्कळांनीं मिळून एक काम करावयाचें असतें, आणि त्या कामाचें मानाचें साधन एका वेळीं एकाच्याच हातीं राहूं शकतें, तेथें तो उभा राहतोच. सभेंत बोलणारा एक, ऐकणारे अनेक. कचेरींत सही एकाची, खर्डे घासणारे अनेक. आपल्या खो-खोमध्यें ही अडचण नियमांनींच सोडविली आहे. पाटींत बसलेल्या गड्यास आपल्याला 'खो' केव्हां मिळेल हें ठाऊक नसतें, म्हणून तो बसलेला असूनहि अंगाचें धनुष्य करून खेळांतच असतो. बास्केटबॉलमध्यें अशी तयार सोय नाहीं. तेथें चेंडू नसलेल्या गड्याला काम शोधून द्यावें लागलें. आणि तें शोधून देण्यांत शिक्षकांच्या तीन-चार पिढ्या खर्ची पडल्या.

हा खेळ आपणांस परका नाहीं. वाय. एम. सी. ए. च्या शाखांनीं तो हिंदुस्थानांत आणला, आणि मुंबईच्या नागपाडा भागांत तर तो पिढ्यान्‌पिढ्या खेळला जात आला आहे. परंतु ज्या रचनेचा येथें विचार करावयाचा आहे ती अमेरिकेंत घडली. म्हणून कथेला आरंभहि तेथूनच केला पाहिजे.

इ. स. १८९१ च्या डिसेंबर महिन्यांत मॅसॅच्युसेट्स राज्यांतील स्प्रिंगफील्ड येथें, वाय. एम. सी. ए. च्या शिक्षणविद्यालयांत, जेम्स नेस्मिथ नांवाचे एक कॅनडांत जन्मलेले तरुण शिक्षक होते. हिवाळ्यांत बाहेर खेळतां येईना, आणि नुसत्या कवायतीला विटलेला अठरा विद्यार्थ्यांचा एक वर्ग त्यांच्या गळ्यांत पडला होता. त्यांच्यासाठीं नेस्मिथ यांनीं तेरा नियमांचा एक नवा खेळ रचला. व्यायामशाळेच्या सज्जाला दहा फूट उंचीवर पीच फळांच्या दोन टोपल्या ठोकल्या, नऊ नऊ गड्यांचे दोन पक्ष केले, आणि खेळ सुरू झाला. त्या पहिल्या सामन्यांत सारा मिळून एकच चेंडू टोपलींत पडला! एका पक्षाचे गडी पांचच असावेत, हें पुढें थोड्या वर्षांनीं ठरलें.

या तेरा नियमांतील तिसरा नियम आमच्या विषयाचें बीज आहे. चेंडू घेऊन धांवावयाचें नाहीं. जेथें तो झेलला तेथूनच तो फेंकला पाहिजे, असा त्याचा आशय आहे. नेस्मिथ यांचा हेतु धसमुसळेपणा टाळण्याचा होता. कारण जो चेंडू घेऊन धांवत नाहीं, त्याला धरून पाडण्याचें कोणास प्रयोजन राहत नाहीं. परंतु नियमाचा परिणाम या हेतूच्या फार पलीकडे गेला. ज्याच्या हातीं चेंडू आला तो त्या क्षणीं जागेला खिळला, आणि ज्यांच्या हातीं तो नव्हता ते सर्व मोकळे राहिले. इतर बहुतेक खेळांत चेंडूचा धनी हा सर्वांत स्वतंत्र असतो. येथें तो सर्वांत परतंत्र ठरला. त्याला सोडवावयाचें तर दुसऱ्या कोणी तरी धांवून योग्य जागीं येणें भाग होतें. म्हणजे चेंडू नसलेल्यांचा उद्योग ही या खेळांत मागाहून घातलेली भर नव्हे. तो खेळाच्या जन्मासमवेतच जन्मास आला आहे.

तथापि मनुष्याची बुद्धि नियमांतील फट शोधण्यांत तत्पर असते. चेंडू दुसऱ्याकडे फेंकला पाहिजे हें खरें; पण तो जमिनीवर आपटून आपल्याच हातीं पुन्हां घेतला तर? इ. स. १८९७ च्या सुमारास येल विद्यापीठाच्या गड्यांनीं या युक्तीचा उपयोग केला, असें या खेळाच्या इतिहासांत नमूद आहे. यालाच पुढें 'ड्रिबल' हें नांव रूढ झालें. चेंडूच्या धन्याला त्याचें स्वातंत्र्य परत मिळालें, आणि तेथून खेळाला दोन वाटा फुटल्या. एक वाट अशी कीं, उत्तम गड्याच्या हातीं चेंडू द्यावा, त्यानें आपल्या कौशल्यानें वाट काढावी, व बाकीच्या चौघांनीं बाजूला होऊन त्याला जागा करून द्यावी. दुसरी वाट अशी कीं, चेंडू कोणाच्याहि हातीं क्षणभरापेक्षां अधिक राहूं नये, आणि पांचहि जणांच्या हालचालींतून प्रतिपक्षाची फळी फुटावी. पहिली वाट डोळ्यांना दिपविणारी आहे. दुसरी डोळ्यांना पटकन्‌ दिसतच नाहीं.

या दुसऱ्या वाटेचे आरंभींचे मोठे प्रवासी म्हणजे १९२० नंतरच्या दशकांतील दोन धंदेवाईक संघ. न्यूयॉर्कच्या 'ओरिजिनल सेल्टिक्स' संघानें एका उंच गड्याला टोपलीकडे पाठ करून मध्यभागीं उभें करण्याची रीत लोकप्रिय केली. चेंडू त्याच्याकडे द्यावयाचा, आणि देणाऱ्यानें तेथेंच न थांबतां त्याच्या अंगावरून टोपलीकडे मुसंडी मारावयाची; चेंडू परत मिळाला तर ठीक, नाहीं तर मागून दुसरा येतच आहे. देणें हा येथें कामाचा शेवट नसून आरंभ झाला. दुसरा संघ 'न्यूयॉर्क रेनेसान्स'. रॉबर्ट डग्लस यांनीं तो १९२३ सालीं हार्लेम भागांत स्थापिला, आणि त्याचे सर्व गडी कृष्णवर्णीय होते. गोऱ्या संघांच्या मंडळांत त्यांना प्रवेश नव्हता. प्रवासांत अनेक गांवीं उतरावयास जागा व खाणावळींत जेवण मिळत नसे. अशा स्थितींत गांवोगांव फिरून या लोकांनीं १९३२-३३ च्या हंगामांत ओळीनें ८८ सामने जिंकले, आणि १९३९ सालीं शिकागो येथील जागतिक धंदेवाईक स्पर्धेच्या अंतिम सामन्यांत ऑशकॉशच्या गोऱ्या संघाला ३४ विरुद्ध २५ असें हरविलें. त्यांची कीर्ति झपाझप दिल्या-घेतल्या जाणाऱ्या पासांबद्दल होती. ज्यांना बाहेर कोठेंच थारा नव्हता, त्यांनीं मैदानावर एकमेकांस थारा देण्याची कला इतकी वाढविली, हें आम्हांस लक्षांत ठेवण्यासारखें वाटतें.

विद्यापीठांतूनहि या वाटेचा शोध चालूच होता. पिट्सबर्ग विद्यापीठाचे शिक्षक डॉ. कार्ल्सन हे व्यवसायानें वैद्य. त्यांनीं आपल्या गड्यांना इंग्रजी आठाच्या आंकड्याच्या आकारांत अखंड फिरत राहण्यास शिकविलें, आणि १९२७-२८ च्या हंगामांत त्यांचा संघ २१ सामन्यांत अपराजित राहिला. येथें प्रत्येक गडी हलत होता, यांत शंका नाहीं. पण ठरलेल्या रेषेवरून फिरणें आणि विचारपूर्वक हलणें यांत अंतर आहे. घाण्याचा बैलहि अखंड चालत असतो. फिरण्याची रेषा अगोदर ठरली कीं ती प्रतिपक्षालाहि पाठ होते. आणि मग पांचहि गडी कामांत दिसतात, पण कामांत नसतात. सर्वांना हलविणें सोपें. प्रत्येकाच्या हलण्याला अर्थ देणें कठीण. पुढच्या पिढीपुढें हें कठीण काम होतें.

या पुढच्या पिढीचें गुरुकुल म्हणजे लॉस अँजेल्सचें सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठ. तेथील शिक्षक सॅम बॅरी यांचें नांव दोन कारणांनीं स्मरणीय आहे. पूर्वीं प्रत्येक गुणानंतर खेळ थांबवून मध्यभागीं चेंडू पुन्हां उडविला जात असे; ही चाल बंद व्हावी म्हणून चळवळ करणाऱ्यांत बॅरी हे अग्रेसर होते, आणि १९३७ सालीं ती बंद झाली. त्यामुळें खेळाला प्रवाह मिळाला. दुसरें कारण त्यांचे शिष्य. दुसरें महायुद्ध संपल्यानंतर त्यांच्या संघांत टेक्स विंटर, अ‍ॅलेक्स हॅनम व बिल शारमन हे तिघे एकत्र खेळले. तिघेहि पुढें नामांकित शिक्षक झाले. त्यांपैकीं पहिल्या दोघांशीं आपलें येथें काम आहे.

विंटर यांनीं बॅरींची त्रिकोणाची कल्पना घेऊन कॅन्सास स्टेट विद्यापीठांत ती पूर्णतेस नेली, आणि १९६२ सालीं 'ट्रिपल-पोस्ट ऑफेन्स' या ग्रंथांत ती मांडली. ती थोडक्यांत अशी. मैदानाच्या एका बाजूस तीन गडी त्रिकोण करतात: एक कोपऱ्यांत, एक कडेला, आणि एक टोपलीजवळ, तिच्याकडे पाठ करून. उरलेले दोघे दुसऱ्या बाजूस. कोणत्याहि दोघांत सुमारें पंधरा ते अठरा फूट अंतर राहिलें पाहिजे. याहून जवळ आले तर एकच रक्षक दोघांना आंवरूं शकतो, आणि याहून दूर गेले तर पास मध्येंच पळविला जातो. येथपर्यंतचें कोणासहि पाठ करतां येईल. पुढचें मात्र पाठ करतां येत नाहीं. कारण यानंतर कोणता पास द्यावयाचा व कोणी कोठें धांवावयाचें, हें प्रतिपक्ष कसा उभा आहे त्यावर ठरतें. रक्षक पुढें सरसावला तर त्याच्या पाठीमागून टोपलीकडे धांव. तो मागें राहिला तर जागेवरूनच चेंडू फेंक. दोघे रक्षक एकावर तुटून पडले तर कोणी तरी एक मोकळा आहेच, त्याला शोध. एकानें जागा सोडली कीं दुसरा ती भरतो, आणि त्रिकोण दुसऱ्या बाजूस नव्यानें उभा राहतो.

सर्व गडी सहभागी कां राहतात, याचें मर्म येथें आहे. वरवर पाहणारास वाटतें कीं, ही औदार्याची पद्धति आहे. बलवानांनीं दुर्बळांवर कृपा करून त्यांना वांटा द्यावयाचा. वस्तुतः तिच्यांत कृपेचा अंशहि नाहीं. चेंडू कोणाकडे जावयाचा हें अगोदर कोणीच ठरवीत नाहीं, स्वतः शिक्षकहि नाहीं. प्रतिपक्षानें जेथें कमी लक्ष दिलें तेथें तो जातो. म्हणून सर्वांत सामान्य गड्यालाहि सदैव सज्ज राहावें लागतें, कारण ज्याच्याकडे प्रतिपक्षाचें दुर्लक्ष तोच पुढच्या क्षणीं नायक. आणि तो सज्ज आहे हें दिसलें, म्हणजे त्याच्यावरील रक्षकाला त्याला सोडून दुसरीकडे मदतीस जातां येत नाहीं. चेंडूला न शिवतांहि एका रक्षकाला आपल्यापाशीं बांधून ठेवणें हें पुरें एका गड्याचें काम आहे. मात्र गुणांच्या तक्त्यांत त्याला कोठेंहि रकाना नाहीं, आणि त्यामुळेंच तें शिकविणें इतकें जड जातें.

या पद्धतीविरुद्ध पहिल्या वाटेचा पक्ष किती बळकट आहे, हें पाहावयाचें तर विल्ट चेंबरलेनकडे पाहावें. सात फुटांहून उंच असलेल्या या गड्यानें १९६१-६२ च्या हंगामांत सामन्यामागें सरासरी ५०.४ गुण केले, आणि २ मार्च १९६२ रोजीं हर्शी येथें न्यूयॉर्कविरुद्ध एकट्यानें शंभर गुण केले. हा विक्रम अद्यापि कोणीं मोडलेला नाहीं. परंतु त्या वर्षींहि उपांत्य फेरींत त्याच्या संघाला बोस्टननें सातव्या सामन्यांत हरविलें; आणि बिल रसेलच्या त्या बोस्टन संघानें १९५७ ते १९६९ या तेरा हंगामांत अकरा अजिंक्यपदें मिळविलीं. पुढें १९६६-६७ च्या हंगामांत चेंबरलेन फिलाडेल्फियाच्या संघांत असतां त्याचे शिक्षक होते वर सांगितलेले अ‍ॅलेक्स हॅनम. त्या वर्षीं त्याची सरासरी २४.१ गुणांवर उतरली, आणि ज्यांवर सोबत्यांना गुण मिळाले असे पास सामन्यामागें ७.८ झाले. गुण निम्म्याहून कमी. पण संघानें ८१ पैकीं ६८ सामने जिंकले, बोस्टनची आठ वर्षांची अखंड सत्ता मोडली आणि अजिंक्यपद मिळविलें.

येथेंच कथा संपती, तर तिचें तात्पर्य फारच सोपें झालें असतें. पुढच्या हंगामांत, १९६७-६८ सालीं, चेंबरलेननें सबंध मंडळांत सर्वांत अधिक, म्हणजे ७०२, असे फलदायी पास दिले. आणि तरीहि तीन विरुद्ध एक अशी आघाडी असतां त्याचा संघ बोस्टनकडून ओळीनें तीन सामने हरला. पास मोजले जाऊं लागले कीं तेहि गुणांप्रमाणेंच एकट्याची मिळकत होऊं शकतात. दुसऱ्यास देणें हीसुद्धां एक प्रकारची मालकी होऊन बसते. खरी कसोटी मोजण्याजोग्या देण्यांत नसून, दिल्यानंतर गडी उभा राहतो कीं धांवतो, यांत आहे.

विंटर यांच्या पद्धतीची कसोटी मात्र त्यांच्या उतारवयांत लागावयाची होती. १९८५ सालीं ते शिकागोच्या 'बुल्स' संघांत दुय्यम शिक्षक म्हणून आले. त्या संघांत मायकेल जॉर्डन होता. २० एप्रिल १९८६ रोजीं बोस्टनविरुद्ध त्यानें ६३ गुण केले, आणि तो सामना शिकागो हरलें. १९८६-८७ त त्याची सरासरी ३७.१ होती. १९८८, १९८९ व १९९० अशीं तीन वर्षें लागोपाठ डेट्रॉइटनें शिकागोचा मार्ग अडविला. एकाच गड्याभोंवतीं तीन-तीन रक्षकांचें कडें करावें आणि इतर चौघांची पर्वा करूं नये, हा डेट्रॉइटचा बेत होता. आणि तो यशस्वी होत होता, कारण ते चौघेहि बहुधा जॉर्डनकडेच पाहत उभे राहत. १९८९ सालीं मुख्य शिक्षक झालेले फिल जॅक्सन हे स्वतः १९७३ च्या अजिंक्य न्यूयॉर्क संघांतले गडी. त्यांनीं विंटर यांची त्रिकोणपद्धति स्वीकारली.

जगांतील सर्वोत्कृष्ट गड्याला 'चेंडू सोड आणि धांव' असें सांगणें म्हणजे काय, याची वाचकांनीं कल्पना करावी. हें सांगणाराजवळ अधिकार असून भागत नाहीं. ऐकणाराची प्रतीति व्हावी लागते. जॉर्डनची सरासरी १९८९-९० मधील ३३.६ वरून पुढच्या वर्षीं ३१.५ वर आली. उतार एवढाच, दोन गुणांचा! पण त्या दोन गुणांच्या बदल्यांत चौघे जण जागे झाले. १९९१ सालीं शिकागोनें डेट्रॉइटला ओळीनें चार सामन्यांत निकालांत काढलें. अंतिम फेरींत लॉस अँजेल्सविरुद्धच्या निर्णायक पांचव्या सामन्यांत जॉन पॅक्सन या मध्यम उंचीच्या, अबोल गड्यानें वीस गुण केले, आणि त्यांतील निम्मे अगदीं अखेरच्या मिनिटांत. रक्षक जॉर्डनकडे धांवत होते, आणि पॅक्सन जेथें असावयास पाहिजे तेथें होता. दोन वर्षांनीं फीनिक्स येथें हेंच पुन्हां घडलें. त्या सबंध अंतिम फेरींत जॉर्डनची सरासरी ४१ होती, आणि सहाव्या सामन्याच्या शेवटच्या भागांत शिकागोचे तोंवर झालेले नऊच्या नऊ गुण त्याचे होते. तरीहि शेवटच्या चढाईंत चेंडू जॉर्डनकडून पिपेनकडे, पिपेनकडून ग्रँटकडे आणि ग्रँटकडून बाहेर मोकळ्या उभ्या असलेल्या पॅक्सनकडे गेला. चार सेकंदांहून कमी वेळ उरला असतां त्यानें तीन गुणांचा चेंडू टाकला, आणि ९९ विरुद्ध ९८ असा जय झाला. चौघांपैकीं कोणीहि क्षणभर मोह धरला असता तर तो झाला नसता.

त्यानंतर जॉर्डन निवृत्त झाला. ज्या संघानें त्याच्यासह ५७ सामने जिंकले होते, त्यानें १९९३-९४ त त्याच्यावांचून ५५ जिंकले. पद्धतीच्या बाजूनें याहून बोलका पुरावा आम्हांस ठाऊक नाहीं. पण त्याच वर्षीं तिच्या मर्यादेचाहि पुरावा मिळाला. १३ मे १९९४ रोजीं न्यूयॉर्कविरुद्ध तिसऱ्या सामन्यांत दोन्ही संघांचे गुण सारखे, आणि वेळ उरला १.८ सेकंद. जॅक्सन यांनीं शेवटचा फेंका टोनी कुकोच याला नेमून दिला. या हंगामांत संघाची धुरा वाहणारा, त्रिकोणाचा सर्वांत जाणता गडी स्कॉटी पिपेन, याला चेंडू आंत टाकून देण्याचें काम सांगितलें. पिपेन बाकावर बसून राहिला. मैदानांत गेलाच नाहीं. कुकोचनें फेंका मारला, चेंडू कड्यांतून गेला, आणि शिकागोनें सामना १०४ विरुद्ध १०२ असा जिंकला. पण जयाचा आनंद कोणासच झाला नाहीं. वडीलधारा गडी बिल कार्टराइट सोबत्यांपुढें बोलूं लागला, तों त्याचे डोळे भरून आले. पिपेननें सर्वांची क्षमा मागितली.

या प्रसंगावरून पिपेनला दूषण देणें सोपें आहे. आम्हांस तें उचित वाटत नाहीं. वर्षभर ज्यानें इतरांसाठीं जागा केली, त्याला मानाच्या क्षणीं पुन्हां जागाच करावयास सांगितलें. त्याच्या मनाला डंख बसला नसता तर तो मनुष्य कसला? सहभाग म्हणजे प्रत्येक वेळीं मान मिळणें नव्हे. कित्येकदां मान दुसऱ्यास जात असतां आपलें लहान काम नीट करणें, हाच सहभाग असतो. आणि तो उत्तमांतल्या उत्तमालाहि एखादे वेळीं साधत नाहीं. कोणतीहि रचना मनुष्याचा अहंकार नाहींसा करूं शकत नाहीं. फार तर त्याला एक दिवसाआड वळण लावूं शकते.

कोणी म्हणेल, हीं सारीं थोर गड्यांचीं उदाहरणें झालीं. सामान्यांना या पद्धतीचा काय उपयोग? त्याचें उत्तर प्रिन्स्टन विद्यापीठांत मिळतें. तेथें १९६७ ते १९९६ पर्यंत पीट कॅरिल शिक्षक होते. स्पेनमधून आलेल्या पोलादी कारखान्यांतील एका मजुराचे हे चिरंजीव. प्रिन्स्टन ज्या मंडळांत खेळे त्याच्या नियमाप्रमाणें खेळाडूंना खेळासाठीं शिष्यवृत्ति देतां येत नसे, त्यामुळें उंच व बलदंड तरुण दुसरीकडे जात. कॅरिल यांनीं उरलेल्यांना पास देणें, नेम धरणें आणि रक्षकाच्या पाठीमागून धांवणें शिकविलें. १९८९ सालीं बलाढ्य जॉर्जटाउनविरुद्ध ते केवळ एका गुणानें हरले, ५० विरुद्ध ४९. १४ मार्च १९९६ रोजीं, कॅरिल यांच्या अखेरच्या हंगामांत, त्यांनीं आदल्या वर्षींच्या अजिंक्य यू. सी. एल. ए. संघाला ४३ विरुद्ध ४१ असें हरविलें. मध्यभागीं उभ्या असलेल्या स्टीव्ह गुडरिचनें चेंडू धरला, गेब लेव्युलिस हा पहिल्या वर्षाचा विद्यार्थी रक्षकाच्या मागून टोपलीकडे निसटला, आणि पास तेथें पोहोंचला. यू. सी. एल. ए. ला ही चाल अपरिचित नव्हती. पण सबंध सामनाभर पांचांवर नजर ठेवून थकलेला रक्षक एक क्षण चेंडूकडे पाहतो, आणि तो एक क्षण पुरे होतो.

उलटपक्षीं, रचना घेतली कीं विजय आलाच, अशी समजूतहि कोणी करून घेऊं नये. जॅक्सन यांच्या संघांनीं १९९१ ते २०१० या काळांत त्रिकोणाच्या आधारें अकरा अजिंक्यपदें मिळविलीं, हें खरें. पण तेच जॅक्सन २०१४ सालीं न्यूयॉर्क संघाचे अध्यक्ष झाले, तेथेंहि हीच पद्धति आणली गेली, आणि पहिल्या हंगामांत ८२ पैकीं केवळ १७ सामने हातीं लागले. कागदावर त्रिकोण तोच होता. ज्यांची त्यावर श्रद्धा नाहीं, किंवा ज्यांना एकमेकांची संवय होण्याइतका काळ एकत्र राहतां आलें नाहीं, त्यांच्या हातीं तो तीन बिंदू व तीन रेषा एवढाच उरला.

त्याच २०१४ सालीं सॅन अँटोनियोच्या संघानें मात्र या विचाराचें अलीकडचें सर्वांत सुंदर रूप दाखविलें. आदल्या वर्षीं मायामीकडून सातव्या सामन्यांत हरलेले ग्रेग पॉपोविच यांचे हे शिष्य अमेरिका, फ्रान्स, आर्जेंटिना, ऑस्ट्रेलिया, इटली, ब्राझील अशा देशोदेशींचे होते. अठ्ठेचाळीस मिनिटांच्या सामन्यांत, सबंध हंगामाच्या सरासरीनें, त्यांतील एकहि गडी तीस मिनिटें खेळला नाहीं. अंतिम फेरींत त्यांनीं मायामीला चार विरुद्ध एक असें हरविलें. बरा फेंका सोडून अधिक बऱ्या फेंक्यासाठीं चेंडू पुढें देणें, ही त्यांची नित्याची चाल होती.

टेक्स विंटर २०१८ सालीं, आणि पीट कॅरिल २०२२ सालीं वारले. दोघांनाहि गड्यांचें कौतुक करण्यापेक्षां त्यांच्या चुका काढण्याचीच हौस अधिक, अशी त्यांची ख्याति होती. आणि ती आम्हांस सार्थ वाटते. चेंडू हातीं असलेल्याच्या चुका सर्व प्रेक्षकांस दिसतात. चेंडू नसलेला गडी दोन पावलें चुकीच्या जागीं उभा आहे, हें पाहावयास त्याच्याविषयीं फार आस्था असावी लागते. ज्याच्याकडे कोणी पाहत नाहीं त्याच्याकडे पाहणारा एक तरी डोळा असला, म्हणजे त्याचीं तीं सोळा मिनिटें वाट पाहण्यांत न जातां खेळण्यांत जातात. घरांत, शाळेंत आणि संस्थेंत आपण बहुधा फेंका मारणारालाच शाबासकी देतों. त्याला जागा कोणीं करून दिली, हें पाहण्याची संवय आपल्या डोळ्यांना लागली, तर या परदेशी खेळानें आपणांस पुष्कळ शिकविलें असें होईल.